चार मांजरांच्या चार वाट्या

मैत्रिणींनो, एक मांजर पाळणं निराळं आणि चार मांजरं पाळणं निराळं. एकाच मांजराची वाटी रिकामी दिसली, की स्वारी जेवली असं खुशाल समजावं. चार मांजरांच्या घरात मात्र रिकाम्या वाटीवरून काही म्हणजे काही कळत नाही. अन्न संपलं एवढं दिसतं. ते कुणाच्या पोटात गेलं ते दिसत नाही. बरं, मांजर काही तोंडानं सांगत नाही. उलट दुखणं आलं, तर ते होता होईल तो लपवून ठेवायचं, असा या जातीचा स्वभाव. म्हणून तर घरातलं जनावर सुकत चाललंय, हे पुष्कळदा फार उशिरा ध्यानात येतं. ज्यांच्या घरी दोन, तीन किंवा आमच्यासारखी चार मांजरं आहेत त्यांच्यासाठी आज आमच्या वाट्यांची हकिगत सांगते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आमचं घर डोंबिवलीला, चौथ्या मजल्यावर. गॅलरीला आणि सगळ्या खिडक्यांना जाळी मारलेली, त्यामुळं मांजरांचा संसार घरातल्या घरात. माणसं चार आणि मांजरंही चार! सासूबाई म्हणतात, "बरोबरी झाली गं, आता मत घेतलं तर कुणीच हरायचं नाही."

थोरली ठकी. वय वर्षं १३, करड्या रंगाची, मानी. ती सासूबाईंची. म्हणजे तसं आम्ही कुणी ठरवलं नाही, तिनंच ठरवलं. त्या पूजेला बसल्या की ही देवघराच्या उंबऱ्याशी पाय पोटाशी घेऊन बसणार. दुसरा बंडू, ऑपरेशन झालेला बोका. खाणं आणि झोपणं यांखेरीज तिसरं काम त्याला ठाऊक नाही. तिसरी चिंगी. ती नखरेल. चार दाणे खाईल, निघून जाईल, तासाभरानं आठवण आल्यासारखी परत येईल. आणि चौथी टिकली, गेल्या पावसाळ्यात जिन्याखाली सापडलेलं पिल्लू. हिला दिवसरात्र भूक. आमचे चिरंजीव आणि टिकली यांच्यात या बाबतीत मला तरी काही फरक दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, माणसांचं खाणं सांभाळता सांभाळता जीव मेटाकुटीला येतो, तिथं मांजरांचे चोचले कोण पुरवणार? पण मी म्हणते, तुमच्या-आमच्या घरात ही सवय आधीपासूनच असते की! ह्यांना मधुमेह, म्हणून भाताचा मूद लहान. सासूबाईंना दात नाहीत, शिवाय चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य. चिरंजीवांना भाजी दिसली की पोटात दुखतं. रोज आपण ताटं वाढतो ती काय एकसारखी वाढतो? ज्याचं त्याचं पाहूनच वाढतो. तेच मांजरांच्या बाबतीत करायचं.

पण त्याआधी एक मोठाच तिढा आमच्या घरी सुटायचा होता. आम्ही शाकाहारी माणसं. ठकी आली तेव्हा सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. त्यांच्या आजोळी, राजापूरकडच्या खेड्यात, सात-आठ मांजरं असत आणि ती सगळी म्हणे दूधभातावर वाढली.

मी विचारलं, "आई, मग त्या घरात उंदीर कोण मारायचं?"

"अगं, मांजरंच की!"

"मारून त्या उंदरांचं करायची काय?"

त्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "मारायची, एवढं मला ठाऊक. पुढचं मी बघायला जात नसे."

तर गोम ती ही. खेड्यातलं मांजर दूधभात खाऊन वर उंदीर, पाल, चिमणी असं काही ना काही मिळवतं. आपल्या चौथ्या मजल्यावरच्या मांजराला वाटीत पडेल तेवढंच. मांजर हा मुळातच मांस खाणारा प्राणी. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला लागतं, ते त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही आणि भात-पोळी-भाजीत ते जवळजवळ नसतंच. ते कमी पडलं तर मांजराच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७५ साली दिसून आलं होतं. पुढं १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की त्याच्या अभावानं मांजराचं हृदयही फुगून दुबळं होतं. तेव्हापासून मांजरांच्या तयार खाण्यात टॉरिनचं प्रमाण वाढवलं गेलं. म्हणूनच कुत्र्याचं खाणं मांजराला घालून भागत नाही. ते त्याच्या हिशेबानं केलेलंच नसतं.

आणि दूध? चित्रातलं मांजर नेहमी बशीतलं दूध पिताना दिसतं खरं, पण मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं. शिऱ्याचंही तसंच. सासूबाई सत्यनारायणाच्या शिऱ्याचा कण ठकीपुढं धरत आणि ती तो चाटी, तेव्हा त्या कौतुकानं म्हणत, "बघ, गोडाची आवड आहे हिला." मांजराला गोड चवच कळत नाही, हे २००५ साली फिलाडेल्फियाच्या एका संशोधन संस्थेनं शोधून काढलं. जिभेवर गोड ओळखायला जी यंत्रणा लागते तिच्यातला एक दुवा मांजरांत निकामी आहे. ठकी चाटत होती ते तूप! हे ऐकून सासूबाईंना जरा वाईट वाटलं, पण तूप घरचं कढवलेलं होतं या विचारानं त्या सावरल्या.

शेवटी तोड निघाली ती अशी. रोजचं खाणं म्हणजे पाकिटातलं तयार, कोरडे दाणे आणि ओलं दोन्ही. त्यात सगळं मोजूनमापून घातलेलं असतं. पाकिटावर ते रोजचं संपूर्ण अन्न आहे, की नुसता जोडीचा खाऊ, हे लिहिलेलं असतं. ते वाचूनच घ्या. नुसती उकडलेली कोंबडी किंवा नुसते मासे रोज घालणाऱ्यांना वाटतं, आपण किती शुद्ध घरचं देतो! पण त्यात चुन्याचा अंश पुरेसा नसतो, आणखीही पुष्कळ काही नसतं. शनिवारी मात्र मी थोडी मांदेली आणते आणि गॅलरीत विजेच्या शेगडीवर वेगळ्या पातेल्यात उकडते. मीठ नाही, हळद नाही, आणि कांदा-लसूण तर मुळीच नाही, कारण तो मांजराच्या रक्ताला अपाय करतो. काही कच्च्या माशांमुळं ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो, म्हणून उकडूनच द्यायचे, काटे काढून, आणि तेही चवीपुरते.

पहिल्यांदा मासे घ्यायला गेले तेव्हा माझा अवतार पाहून कोळीण म्हणाली, "ताई, तुमी तर खात नाय वाटतं. मंग कुनासाठी?" म्हटलं, मांजरांसाठी. "मंग ताजीच घ्या हो. नवरा खाईल शिळं, मांजर नाय खायाचं!" तेव्हापासून आमची चांगली ओळख आहे.

आता पंगतीचं सांगते. मांजरांच्या वाट्या ओळीनं मांडून चौघांना एकदम जेवताना पाहायला आपल्याला गोड वाटतं. पण पंगत ही माणसांची हौस, मांजरांची नव्हे. मांजराचे पूर्वज आफ्रिकेतले रानमांजर. ते एकटं शिकार करतं, शिकार लहान असते, म्हणून एकटंच खातं आणि दिवसाकाठी दहा-बारा वेळा थोडं थोडं खातं. दुसऱ्याच्या शेजारी तोंड घालून जेवणं त्याच्या रक्तात नाही. ती भांडत नाहीत म्हणून सगळं आलबेल आहे असं समजू नका हं. आमचा बंडू कधी कुणावर गुरगुरलेला नाही. तो नुसता स्वयंपाकघराच्या वाटेवर आडवा पसरतो. चिंगी येते, त्याच्याकडे बघते, जणू दुसरंच काही काम होतं अशा थाटात वळते आणि उपाशी परत जाते. ना आरडाओरडा, ना नखं. आपण म्हणणार, चिंगीला आज भूक नाही वाटतं! एकाच घरात एकाचं वजन वाढतं आणि दुसऱ्याचं उतरतं ते पुष्कळदा असं, काही न घडता.

म्हणून आमच्याकडे चौघांच्या चार जागा, आणि त्याही अशा, की जेवताना एकाला दुसरा दिसता कामा नये.

चिंगीची वाटी फ्रिजवर. ती ओट्यावरून एका उडीत वर जाते. बंडूला ते जमत नाही, त्याचं पोट आडवं येतं. ती थोडं थोडं खाणारी, म्हणून तिची वाटी दिवसभर तिथं राहू शकते. मात्र त्यात कोरडेच दाणे. ओलं खाणं आपल्या हवेत अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त उघडं ठेवू नये.

टिकलीसाठी चिरंजीवांनी एक खोकं आणलं आणि त्याला बाजूनं भोक पाडलं, टिकली जाईल पण दुसरं कुणी जाणार नाही असं मोजून. आत तिची वाटी. पिल्लांच्या खाण्यात जोर जास्त असतो, वर्षाचं होईपर्यंत त्यांना तो हवाच. पण तेच मोठ्यांनी खाल्लं की चरबी चढते. पहिल्या दिवशी बंडूनं त्या भोकात डोकं घातलं, ते आत गेलं, बाकीचा बंडू बाहेर राहिला आणि खोकं डोक्यात घेऊन तो हॉलभर फिरला. ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवून पाहिलं आणि परत वर घेतलं.

बंडूचं जेवण स्वयंपाकघरातच. पण वाटीत दिलं की दोन मिनिटांत फस्त आणि मग दुसऱ्यांच्या दारात उभा. त्यावर माझा उपाय असा, की एक जुनं बिडाचं आप्पेपात्र माळ्यावर पडलं होतं, ते घासूनपुसून काढलं. सात खळ्यांत सात चिमटी दाणे. पंजानं एकेक दाणा काढता काढता साहेबांची पंधरा मिनिटं सहज जातात, आणि पात्र जड असल्यानं ते घरभर सरकत नाही. शिवाय बुद्धीला काम. आप्पे मी आता नॉनस्टिकवर करते, बरं का.

ठकीचं ताट सासूबाईंच्या खोलीत, दार लावून.

वेळा चार: सकाळी साडेसहा, दुपारी एक, संध्याकाळी सहा आणि रात्री साडेदहा. रात्रीची वेळ मुद्दाम ठेवली. ती ठेवल्यापासून पहाटे चारला छातीवर येऊन बसणं बंद झालं. पाण्याची भांडी खाण्यापासून लांब आणि तीन-चार ठिकाणी. कोरड्या दाण्यांवर असलेल्या मांजरानं पाणी भरपूर प्यायला हवं, आणि बोक्यांच्या बाबतीत तर हे फारच जपायचं. बोक्याची लघवीची वाट अरुंद, ती अडली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. बोका वाळूच्या ट्रेमध्ये वारंवार बसतोय आणि होत काही नाही असं दिसलं, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा. हे विषयाला सोडून झालं, पण सांगितल्यावाचून राहवेना.

माझी भाची न्यू जर्सीला असते. तिच्याकडे एक भांडं आहे, ते म्हणे मांजराच्या कातडीखाली बसवलेली खूण ओळखतं आणि ज्याचं त्यालाच झाकण उघडून देतं. सासूबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि न जेवता मांजर निघून गेलं, तर ते भांडं त्याला हाक मारतं का?"

आता वहीकडे वळते. दुधाची, इस्त्रीची असते तशी मांजरांचीही एक वही माझ्याकडे ठकी आली तेव्हापासून आहे. दर महिन्याच्या एक तारखेला वजन. साधा दहा किलोपर्यंतचा सपाट काटा मिळतो. त्यावर दुरडी ठेवायची, तिचं वजन वजा करायचं आणि मांजराला आत बसू द्यायचं. मांजर दुरडीत बसायला आढेवेढे घेत नाही, रिकामी जागा दिसली की ते बसतंच. माणसानं मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं नि मग आपलं वजन वजा करायचं, अशीही एक रीत आहे. पण त्यात शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक हरवतो, आणि मांजराच्या बाबतीत तोच महत्त्वाचा. चार किलोच्या जिवाचे चारशे ग्रॅम उतरणं म्हणजे साठ किलोच्या बाईचे सहा किलो उतरणं. तेवढं उतरलं तर शेजारीण विचारील ना आपल्याला?

गेल्या जूनमध्ये वहीत ठकीपुढं ४.१ किलो होतं. जुलैत ४. ऑगस्टमध्ये ३.९. सप्टेंबरच्या एक तारखेला ३.७. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिची लोकर दाट आहे. ती जेवतही होती. फक्त सासूबाई एवढं म्हणाल्या, "हल्ली माझ्या तांब्यातलं पाणी फार पिते गं ही." मी त्याच संध्याकाळी तिला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण मुलगी आहे, हुशार आणि हसतमुख. रक्त तपासलं, लघवी तपासली. मूत्रपिंडं थकली होती. वय झालेल्या मांजरांत हे दुखणं फार आढळतं. ती म्हणाली, "काकू, हे बरं होणारं नाही, पण लवकर कळलंय. खाणं सांभाळलं तर पुष्कळ दिवस चांगले जातील." मग तिनं ठकीचं पथ्य सांगितलं. फॉस्फरस कमी, प्रथिनं बेतानं, असं खास तयार केलेलं खाणं. त्याची किंमत ऐकून ह्यांनी चष्मा काढून पुसला, बोलले मात्र काही नाहीत.

आता बघा, टिकलीला वाढीसाठी जे भरपूर हवं, तेच ठकीला नको. ठकीचं पथ्याचं टिकलीनं खाल्लं तर तिचं कुपोषण, टिकलीचं ठकीनं खाल्लं तर तिच्या मूत्रपिंडांवर भार. बंडूला दोन्ही नको आणि दोन्ही हवं! एकच वाटी असती तर काय करणार होतो?

पण खरी अडचण वाट्यांची नव्हती. पूजा झाली, की नैवेद्याच्या दुधावरची साय बोटावर घेऊन सासूबाई ठकीला देत. तेरा वर्षं, एक दिवस न चुकता. एवढीशी साय, तिनं काही तिचं पोट बिघडलं नव्हतं. डॉक्टरांनी ती बंद करायला सांगितलं. दुधाच्या पदार्थांत फॉस्फरस असतो. हे घरी येऊन मी सांगितलं तेव्हा सासूबाई माझ्याशी बोलेनाशाच झाल्या. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपली, ठकी उंबऱ्याशी बसून त्यांच्या बोटाकडे बघत राहिली, आणि ह्या पदराला हात पुसत उठून गेल्या. संध्याकाळी म्हणाल्या, "मलाही तुम्ही मीठ तोडलंत. जायला निघालेल्या जिवाला घासभर सुख द्यायचं नाही, हा कुठला कायदा?" मी काय उत्तर देणार? त्या ठकीबद्दल बोलत होत्या की आणखी कशाबद्दल, तेही मला नीटसं कळलं नाही.

त्यात ठकीनं पथ्याच्या वाटीला तोंडच लावलं नाही. हुंगलं आणि पंजानं जमिनीवर माती ओढल्यासारखं केलं, म्हणजे हे पुरून टाका! एक दिवस गेला, दुसरा गेला. इथं मैत्रिणींनो, एक गोष्ट काळजावर कोरून ठेवा. 'भूक लागली की खाईल झक मारत' हा न्याय मुलांना लागू पडत असेल, मांजराला नाही. मांजराला एकादशी चालत नाही. दोन-तीन दिवस पोटात अन्न गेलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साचते आणि ते निकामी होऊ लागतं. लठ्ठ मांजराला तर हा धोका फारच.

मी डॉक्टरांना फोन केला. ती म्हणाली, "तिचं जुनं खाणं लगेच सुरू करा. पथ्याचं न खाता उपाशी राहण्यापेक्षा बिगरपथ्याचं खाल्लेलं बरं. नवं हळूहळू मिसळा, आधी चमचाभर, दोन-तीन आठवडे लागू देत. आणि जरा कोमट करून द्या. म्हाताऱ्या मांजराला वास आला तरच ते खातं." मग थोडं थांबून तिनं विचारलं, "ती कुणाच्या हातून खाते?"

आता ठकी कुणाच्या हातून खात असे, ते तुम्हांला ठाऊकच आहे. पण पाकिटातलं ते खाणं मासळीच्या वासाचं, आणि सासूबाईंनी ८२ वर्षांत अंड्यालाही हात लावलेला नाही. मी त्यांना काही म्हटलं नाही. फक्त फोनवरचं सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि वाटी कोमट पाण्यात धरून त्यांच्या खोलीत ठेवली.

तासाभरानं डोकावले तर त्या पाटावर बसल्या होत्या, नाकाला पदर लावलेला, आणि उजव्या हाताच्या बोटावर तो तपकिरी घास. ठकी सावकाश चाटत होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वेगळा पाट, वेगळा चमचा, वेगळं फडकं मागून घेतलं. त्यांचा सकाळचा क्रम कितीतरी वर्षांचा होता: उठणं, आंघोळ, पूजा, चहा. आता आधी ठकीचं खाणं, मग आंघोळ, मग पूजा. त्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आम्हीही बोललो नाही. पूर्ण पथ्याच्या खाण्यावर यायला ठकीला पाच आठवडे लागले. सायीचं विचारायला त्या स्वतः माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. "आजी, ती रोजचं नीट खात असेल, तर आठवड्यातून एकदा अर्धा चमचा," डॉक्टर म्हणाली. त्यांनी गुरुवार ठरवलाय.

बंडूचं सांगायचं राहिलं. दीड वर्षामागं त्यांचं वजन होतं ६.८ किलो. घरात राहणाऱ्या, ऑपरेशन झालेल्या चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात. कोरड्या दाण्यांत १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी असतात, म्हणजे ५०-६० ग्रॅममध्ये दिवसाचं जेवण झालं. एकदा काट्यावर मोजून पाहा, डोळ्याला ते फारच थोडं वाटतं, आणि तिथंच सगळ्या घरांत हात सैल सुटतो. ऑपरेशननंतर मांजराची गरज घटते आणि भूक मात्र वाढते, ही आणखी एक गंमत. बंडूसाठी डॉक्टरांनी जे माप ठरवून दिलं ते मी रोज सकाळी एका डब्यात काढून ठेवते आणि घरातल्या कुणीही त्याला काही द्यायचं झालं तर त्याच डब्यातून द्यायचं, असा दंडक आहे. डबा संपला की दुकान बंद. कोरडं थोडं कमी करून ओलं वाढवलं; त्यात बहुतेक पाणीच असतं, पोट भरल्यासारखं वाटतं. वजन उतरवायचं ते अगदी सावकाश, आठवड्याला शंभरात एक भाग, फार तर दोन. आज बंडू ५.९ आहे. गेल्या महिन्यात त्यानं ओट्यावर उडी मारली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग माझ्या मनात आलं, आता फ्रिज किती लांब?

पाहुण्यांचं मात्र मला अजून जमलेलं नाही. गणपतीत घर भरलं, की "घे रे बाबा एवढासा" म्हणत प्रत्येक जण काहीतरी पुढं करतो, आणि बंडूचा चेहरा अशा वेळी इतका गरीब होतो, की मीच सासुरवास करते असं वाटावं. यंदा मी त्या दिवसांत आप्पेपात्र दाराशीच ठेवलं होतं आणि येणाऱ्याच्या हातावर त्याच्याच डब्यातले चार-चार दाणे देत होते. घाला म्हटलं, हौस फेडून घ्या.

ठकी या एक तारखेला ३.५ भरली. गेले तीन महिने ती तिथंच आहे. वहीतलं तिचं पान आता सासूबाई लिहितात, जाड निबाच्या शाईच्या पेनानं, अक्षर जरा थरथरतं. मी फक्त वजन लिहीत असे. त्या सगळंच लिहितात. 'सकाळी चार चमचे. दुपारी दोन, वास आवडला नाही. रात्री पाच. पाणी भरपूर. गुरुवारची साय घेतली.' शेजारच्या पानावर बंडूचं काही लिहायला जागा उरलेली नसते.

आणि टिकली आता सात महिन्यांची झाली. खोक्याच्या भोकातून ती अंग चोरून आत जाते. भोक मोठं करावं तर बंडूही आता बारीक झालाय. चिरंजीव पट्टी घेऊन दोघांच्या खांद्यांची मापं घेत बसले आहेत. बघू काय निघतं ते.